देवघरातला तीन दिवसांचा पाहुणा

ब्राह्मणपारा, रायपूर
गुरुवार, ८ जानेवारी २०२६

गंधाली,

तुमच्या सिस्टर भावनांनी पाठवलेलं पाकीट काल मिळालं. पत्रिका वाचली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तीन वर्षांपूर्वी मी तुझ्याशी बोलणार नाही असं म्हटलं होतं आणि त्यावर मी कायम आहे. हे बोलणं नाही, लिहिणं आहे. छत्तीस वर्षं रेल्वेच्या एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला काढली. तोंडी आणि लेखी यांतला फरक मला कोणी शिकवू नये. उत्तर पाठवायची गरज नाही. हे पत्र शेजारच्या विनायकच्या हाती देतोय. त्याची फॅक्टरीही उरल्याच्या इंडस्ट्रियल एरियातच आहे, जाता जाता तुमच्या दवाखान्यात टाकेल.

तर दोन फेब्रुवारीला, सोमवारी सकाळी दहाला, तू पहिली व्रतं घेणार. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पहिल्या दोन शब्दांपाशी तुझी आई रडली, तिसऱ्यापाशी मला हसू आलं. ज्या पोरीने जन्मात माझं एक ऐकलं नाही, ती आज्ञापालनाचं व्रत घेणार! तुमच्या मदर सुपिरियरला माझी सहानुभूती कळव.

पत्रिकेत लिहिलंय की व्रतं आधी एका वर्षाची, मग दरवर्षी नव्याने, आणि पाच-सहा वर्षांनी कायमची. म्हणजे आधी टेम्पररी, मग कन्फर्म. हे मला समजलं. बाकी काहीच समजलं नाही.

तुझं नाव 'गंधाली मारिया' असं छापलंय. मी ठेवलेलं नाव आधी आहे, एवढं पाहिलं.

सोबत एक फॉर्म आहे. आईवडील येणार की नाही, आणि येणार असतील तर मुलीला हाताला धरून वेदीपर्यंत आणणार की नाही. तो फॉर्म टेबलावर आहे. आई दर तासाला त्या टेबलावरची धूळ पुसते.

तू पाच वर्षांपूर्वी नागपूरला बाप्तिस्मा घेतलास, सगळे कागद कायद्याने करून, तेव्हा मी आठ दिवस जेवलो नाही. पण मनात म्हटलं, लग्न झालं की निवळेल. मग मठात जायची गोष्ट काढलीस. तुला कोणी फूस लावली हे शोधायला मी तुझ्या नर्सिंगच्या तिन्ही मैत्रिणींना फोन केले होते, हे तुला माहीत नसेल. एक गुजराती निघाली, एक आपल्यातलीच. तिसरी ख्रिश्चन होती, तर तिनेच मला विचारलं, "काका, गंधालीनं असं काहून केलं?" जिच्यावर संशय घ्यावा तीच मला कारण विचारते! फाईलवर कारण नसलं की मी ती कधी पुढे सरकवली नाही. तुझी फाईल तीन वर्षं माझ्याकडे पडून आहे.

तू गेलीस त्या दिवशी मी तुझ्या नावाने आंघोळ केली. लोक नुसतं म्हणतात, मी खरंच केली. थंड पाण्याने, डिसेंबरात. आईने आतून कडी लावून घेतली होती. मला पंधरा दिवस सर्दी होती आणि घरात कोणी काढा करून दिला नाही.

फॉर्म मी भरलेला नाही.

शालिग्राम पांढरीपांडे


मंगळवार, १३ जानेवारी

गंधाली,

उद्या संक्रांत. सोबत तिळाचे लाडू आहेत. ते आईने पाठवलेत, मी नाही.

काल मी उरल्याला गेलो होतो. कामाने गेलो होतो. काय काम ते सांगायची आवश्यकता नाही.

बरं, काम नव्हतं. रिटायर्ड माणसाचं उरल्याला काय काम असणार? शेअर ऑटोत बसलो, ट्रकांच्या मागून धूळ खात गेलो आणि तुमच्या दवाखान्याच्या बाकावर मफलर गुंडाळून खोकत बसलो. खोकला खरा होता, धुळीचा. माझ्या पुढे एक जाडजूड ड्रायव्हर होता, त्याच्या आडून मी पाऊण तास तुला पाहिलं. माझा नंबर आला तेव्हा मी उठून निघून आलो. तुमची ती केसपेपर लिहिणारी मुलगी "अंकल, ओ अंकल" म्हणत फाटकापर्यंत आली होती, तिला माझ्यातर्फे सांग की अंकल बरे आहेत.

तुझ्यासमोर एक बाई बसली होती, मीराबाई. रोलिंग मिलमध्ये झाडू मारते म्हणाली. पायावर तापलेलं लोखंड पडून चार दिवस झालेले, आणि त्यावर तिने कसली तरी चिंधी गुंडाळलेली. तू तो पाय मांडीवर घेतलास. वास माझ्यापर्यंत आला. ड्रायव्हरने तोंड फिरवलं, मीही फिरवलं.

ती म्हणाली, "दीदी, छुट्टी नइ मिलय."

तू खेकसलीस तिच्यावर. "छुट्टी नइ मिलय, त पाँव दूसर मिलही का?"

"हव दीदी," म्हणून ती गरीब बाई मान खाली घालून बसली. मला वाटलं होतं तुम्ही लोक गोड-गोड बोलत असाल. तू तर थेट माझ्या आईसारखी रागावत होतीस. आणि रागावता रागावता जखमेवरचं एकेक काढत होतीस, इतकं हळू की बाई एकदासुद्धा ओरडली नाही.

घरी खरकटं ताट उचलायला तू नाक मुरडायचीस. आठवतं?

मला तुझा फार राग आला. घाण काढत होतीस म्हणून नाही. तुझा तो चेहरा मी घरात एकतीस वर्षांत पाहिला नव्हता म्हणून. आम्ही तुला काय कमी केलं होतं, की तो चेहरा तुला उरल्यात जाऊन सापडावा? आणि नर्सच व्हायचं होतं तर ती तू होतीसच. सरकारी नोकरी होती, पेन्शन होती. पाय धुवायला लग्न सोडावं लागतं, घर सोडावं लागतं, देव बदलावा लागतो, हे कुठल्या नियमात बसतं? मला खरंच कळत नाही. टोमणा म्हणून लिहीत नाहीये.

आईला उरल्याचं सांगितलं नाही. तिला सांगितलं की गोल बाजारात गेलो होतो. ती म्हणाली, "गोल बाजारात एवढी धूळ?"

बाबा


रविवार, १८ जानेवारी, दुपार

गंधाली,

आज तुमचं चर्च आतून पाहिलं. कारण शोधायला गेलो होतो. ज्याच्यासाठी माझी मुलगी गेली, तो कोण आहे ते एकदा बघून तरी यावं, असं मनात आलं.

आईला बरोबर येतेस का विचारलं. ती म्हणाली, "मी दोन तारखेलेच येईन, तुम्ही या नाही तर नका येऊ." हे तिने प्रथमच तोंडावर सांगितलं.

मी चपला बाहेर काढल्या. आत जाऊन पाहतो तर सगळे बूट घालून. मग एकटाच अनवाणी बसून राहिलो. फरशी गार होती. भजनं हिंदीत होती, ढोलक-पेटीवर, चांगली होती. माझ्या शेजारी एक म्हातारा होता, तो गुडघ्यांवर बसला की मी बसायचो, उठला की उठायचो. त्याचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत.

प्रवचनातलं निम्मं डोक्यावरून गेलं. फादर म्हणाले की देव प्रत्येकाला नावाने हाक मारतो. मी बसल्या बसल्या आठवून पाहिलं. मला आयुष्यात कोणी हाक मारली असेल तर ती हेडक्लार्कने. चोविसाव्या वर्षी वडिलांनी फॉर्म आणला, मी सही केली, छत्तीस वर्षं गेली. वाईट गेली असं नाही. पण हे मला पाहिजे होतं का, असा प्रश्न मला कोणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही. आज बासष्टाव्या वर्षी, दुसऱ्यांच्या देवळात अनवाणी बसून तो प्रश्न पडला, म्हणजे कमाल आहे.

शेवटी रांग लागली. सगळे उठले म्हणून मीही उठलो. रांगेत उभं राहायची सवय आहेच. फादरांनी काहीतरी म्हटलं, पुढच्या माणसाने 'आमेन' म्हटलं होतं म्हणून मीही म्हटलं आणि तीर्थाला करतो तसा हात पुढे केला. त्यांनी पांढरी, पातळ, रुपयाएवढी चकती हातावर ठेवली. आपल्याकडे प्रसादाला नाही म्हणत नाहीत. पण एकट्याने तिथेच कसा खायचा? घरी आई आहे. म्हणून धुतलेल्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि घरी आणला.

आईला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तिने तो चांदीच्या वाटीत ठेवला, वर तुळशीचं पान ठेवलं, आणि वाटी देवघरात अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवली. मी म्हटलं, अर्धा-अर्धा खाऊन टाकू. तर म्हणाली, "पोट्टीच्या देवाचा आहे. पोट्टी येईल तवा तिघं मिळून खाऊ."

तू कधी येणार ते तिला कोणी सांगितलंय? तेव्हा तुझ्या देवाचा प्रसाद आमच्या देवघरात आहे, हे तुला कळावं म्हणून हे पत्र. मी तुझ्या माणसांशी वाईट वागत नाही, हेही कळावं.

विनायकला दोन दिवस सुट्टी आहे. पत्र बुधवारी मिळेल.

बाबा


बुधवार, २१ जानेवारी, संध्याकाळ

गंधाली,

तू जाऊन दोन तास झाले. जे झालं ते लिहून काढतो, कारण डोक्यात सगळा गोंधळ आहे आणि कागदावर तो जरा सरळ बसेल अशी आशा आहे.

दुपारी दार वाजलं आणि तू उभी होतीस. मागे सिस्टर भावना. तुझा चेहरा पांढराफटक. तू "बाबा" म्हटलं नाहीस, "आई" म्हटलं नाहीस. विचारलंस, "कुठं आहे?"

आईने देवघराकडे बोट दाखवलं. आणि तू चपला काढून सरळ आत गेलीस आणि आपल्या देवांसमोर गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलंस.

खरं सांगतो. मला वाटलं, परत आली. बाळकृष्णासमोर, अन्नपूर्णेसमोर, जिथे तू लहानपणी परवचा म्हणायचीस तिथे. मी दाराची चौकट धरली. आईने तर पदर तोंडात कोंबला होता.

मग तू ती वाटी दोन्ही हातांनी उचललीस, तेव्हा कळलं की नमस्कार कोणाला होता. तेव्हा कळलं असं लिहितो खरं, पण नीट अजूनही कळलेलं नाही. सिस्टर भावनांनी आम्हाला हिंदीत समजावलं, की तुम्ही त्याला प्रसाद मानत नाही, साक्षात देवच मानता. तो घरी नेत नाहीत, खिशात घालत नाहीत, ज्याला बाप्तिस्मा नाही त्याने तो घ्यायचाही नाही. मी तीन चुका एका रांगेत केल्या. त्या बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तू ती चकती खाल्लीस. त्यावरचं तुळशीचं पानही खाल्लंस. कणही राहू नये म्हणून वाटीत पाणी घालून ते पाणी प्यायलीस. मग माझा रुमाल मागितलास, तो स्वतः धुतलास आणि विचारलंस की हे पाणी मातीत टाकायला हवं, माती कुठं आहे? या घरात माती एकाच ठिकाणी आहे. तू ते पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलंस. आईने हात जोडले. तू पण जोडलेस. कोण कोणाला जोडत होतं ते मला विचारू नकोस.

मी तीन वर्षांनी तुझ्याशी तोंडाने बोललो तो हा प्रश्न. "तू नमस्कार कोणाले केला गंधाली? आमच्या देवाले का तुझ्या?"

तू म्हणालीस, "बाबा, मी तीन वर्षं या घरी येऊ नाही शकली. तो आला. तीन दिवस पाहुणा होता तुमच्याकडे. आणि आईनं त्याले चांदीच्या वाटीत ठेवलं."

आणि मग तू रडलीस. मी चुकीबद्दल माफी मागणार होतो, ती राहून गेली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं म्हणायचं. पण जिन्यात, सिस्टर भावना खाली उतरल्यावर, तू माझी बाही धरलीस आणि जे बोललीस ते मी शब्दशः लिहितो, म्हणजे मी चुकीचं ऐकलं नाही याची मला खात्री राहील.

"बाबा, मले लई भीती वाटून राहिली. सकाळी वाटते हेच माझं आहे. संध्याकाळी वाटते, मी कुठं येऊन पडली. कुछ पक्का नहीं है. सिस्टर म्हणते, सगळ्यांले असंच होते. पण मले नाही माहीत ही देवाची हाक आहे का फक्त माझी जिद आहे. शनिवारपासून आठ दिवस आमचं मौन आहे, कोणाशी बोलता नाही येत. त्याच्या आधी तुम्ही एकदा थांब म्हणा. तुम्ही थांब म्हटलं तर मी थांबते."

हा शब्द मी तीन वर्षं तोंडात धरून बसलोय. जिन्यात तो ओठांवर आला होता. तू वाट पाहत होतीस. मग खालून हाक आली आणि तू गेलीस.

आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती तुझ्या बाजूची आहे. ती म्हणाली, "मंग वाट कसली पाहून राहिले? म्हणा ना थांब! पोट्टी घरी येईल."

आता थांब तिला म्हणायचंय आणि माझ्या तोंडून ते निघत नाही, दोघांच्या बाजू अदलाबदल झालेल्या.

बाबा


शुक्रवार, २३ जानेवारी

चि. गंधालीस,

आज विनायक दुपारच्या पाळीला जाणार आहे. हे तुला संध्याकाळी मिळेल, उद्या तुझं मौन सुरू व्हायच्या आधी.

कालपासून मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. एकात 'थांब' लिहिलं होतं. अक्षर चांगलं आलं होतं. आईला वाचून दाखवलं, ती लगेच तुझी खोली झाडायला गेली. ती गादी उन्हात टाकत होती आणि मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. मला तू या खोलीत दिसेनास. पलंगावर बसलेली, पेपर वाचणारी, माझा शब्द पाळणारी तू. कितीही प्रयत्न केला तरी मीराबाईचा पाय मांडीवर घेतलेलीच दिसायचीस.

दुसऱ्या पत्रात 'जा' लिहिलं. तेही फाडलं. ते खोटं होतं. जा असं माझ्या मनातून निघत नाही, निघेल असं वाटतही नाही.

तेव्हा खरं ते लिहितो. तुझा देव मला कळला नाही. तुला त्याने हाक मारली का, हे मला सांगता येणार नाही. मला ऐकू येत नाही. ती तुझी जिद्द आहे का, असं तू विचारलंस. असेलही, तू माझी मुलगी आहेस. पण मी थांब म्हटलं आणि तू थांबलीस, तर तू माझ्या शब्दाखातर थांबशील. मी वडिलांच्या शब्दाखातर सही केली होती. मी त्यांच्यावर कधी रागावलो नाही, पण साठ वर्षांचा होईपर्यंत माझं कशावर मन आहे हे मला कळलं नाही. तुझं तसं झालेलं मला पाहवणार नाही. भीती वाटते म्हणालीस. मला सही करताना भीतीसुद्धा वाटली नव्हती, बेटा. तुला वाटते, म्हणजे निदान तुझं मन त्यात आहे.

म्हणून मी थांब म्हणत नाही. आईने काल रात्रीपासून माझ्याशी अबोला धरलाय. मी तिला म्हटलं, "विमला, मले तरी कुठं समजून राहिलं?" ती म्हणाली, "मंग एवढं शहाणपण कशाले?" ती बरोबर असेल. मी चुकत असेन तर ही चूक माझ्या नावावर राहू दे, तुझ्या नाही.

फॉर्म भरला. येणार: दोघं. वेदीपर्यंत कोण आणणार: आई, विमला पांढरीपांडे. अबोला असला तरी तिने तिथे स्वतः सही केली. माझे पाय तिथवर येणार नाहीत. मी मागे, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसणार. चपला घालून बसेन या वेळी.

विनायकची गाडी त्या दिवसापुरती मागितली आहे. ती फाटकाशी उभी असेल. ऐन वेळी, सगळ्यांसमोर, फादरांनी विचारल्यावरही तुला 'नाही' म्हणावंसं वाटलं, तर म्हण. मागे वळ, मी दिसेन. घरी येईपर्यंत तुला कोणी काही विचारणार नाही, आणि घरी आल्यावरही नाही. आणि 'हो' म्हणालीस, तर मी थांबून तुमच्याकडे पंगतीत जेवेन. ते जेवण माझ्या घशाखाली उतरेल की नाही ते मला माहीत नाही, पण पानावर बसेन.

फक्त एक लक्षात ठेव. मी रडत असेन, नक्की असेन. तुला वळायचं नसेल, तर माझी दया येऊन वळू नकोस.

तुझा बाबा